सीमेवरही हवा, शेतातही हवा : शेतकरी सेनापती आंरी गिझां

शेतकरी बंधूंनो, घरात कामाचे हात चार आणि ऐन सुगीत त्यातले दोन कुणी उचलून नेले, तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. काढणी लांबते, पीक उभ्या शेतात झडतं, गोठ्याकडे बघायला कुणी उरत नाही. आता अशी कल्पना करा की हे एका घराचं नाही, सबंध देशाचं झालं आहे. धडधाकट गडी बंदूक घेऊन सीमेवर गेला आहे आणि तो कधी परतणार, हे कुणालाच ठाऊक नाही. तो सीमेवर थांबला तर रान पडीक राहणार. तो रानात आला तर सीमा उघडी पडणार. माणूस एकच, आणि तो दोन्हीकडे हवा.

१९३९ साली युरोपातल्या स्वित्झर्लंड या छोट्या देशापुढे हा पेच उभा राहिला. ज्याच्या गळ्यात तो पडला, तो माणूस शेतकीचं शिक्षण घेतलेला, स्वतःची शेती केलेला होता. त्याचं नाव आंरी गिझां. तो जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, पण त्याच्या देशात आजही त्याच्या नावाचे रस्ते आणि चौक आहेत. लष्कराला माणसं कमी पडतात तेव्हा काय करावं लागतं, हे या माणसाच्या चरित्रातून जितकं कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

देश केवढा, माणसं किती

अहिल्यानगर, पुणे आणि सातारा हे तीन जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्र होईल, त्याहूनही स्वित्झर्लंड थोडा लहान आहे. त्यातला मोठा भाग डोंगरांचा. समुद्रकिनारा नाही. कोळसा बाहेरून आणायचा. त्या काळी पोटाला लागणाऱ्या अन्नापैकी निम्म्याच्या आसपास देशात पिकायचं, बाकी सगळं बाहेरून यायचं. लोकसंख्या सुमारे ४२ लाख. उत्तरेला जर्मनी, दक्षिणेला इटली, पश्चिमेला फ्रान्स. पूर्वेला ऑस्ट्रिया होता, तोही १९३८ साली हिटलरने जर्मनीला जोडून घेतला.

एवढ्या लहान देशाला मोठं पगारी सैन्य परवडत नाही. म्हणून त्यांनी वेगळी रीत पाडली. तिथे कायमचं नोकरीतलं सैन्य अगदी थोडं, मुख्यतः शिकवणारे अधिकारी. बाकी सैन्य म्हणजे गावातलेच लोक. पोरगा वयात आला की काही आठवडे प्रशिक्षणाला जायचा आणि परत येऊन आपल्या कामाला लागायचा. पुढे काही वर्षं ठरलेल्या दिवसांपुरती उजळणीची हजेरी. गणवेश आणि रायफल त्याच्या घरातच. सेवेची नोंद असलेली एक लहान पुस्तिकाही त्याच्याजवळ असे. गावपातळीवर लष्करी नोंदवही सांभाळणारा एक कर्मचारी असे. कोण वयात आला, कोण गाव सोडून गेला, कोण आजारी आहे, हे सगळं त्याच्या वहीत. ग्रामसेवक, तलाठी मंडळींच्या लक्षात येईल की या लष्कराचा पाया तोफांवर नव्हता, नीट ठेवलेल्या नोंदवहीवर होता. जो सेवा करत नाही त्याने त्याबद्दल कर भरायचा, हाही नियम १९व्या शतकापासूनचा.

आणखी एक गंमत बघा. या देशात शांततेच्या काळात जनरल नावाचा हुद्दाच नसतो. संकट आलं की संसद मतदान करून एकाला जनरल निवडते. संकट टळलं की तो हुद्दा संपतो. १८४८ साली आजचं संघराज्य स्थापन झालं. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अवघ्या चौघांना हा मान मिळाला. गिझां त्यातले चौथे आणि आजतागायत शेवटचे.

डॉक्टरचा मुलगा शेतीत

गिझां यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७४ रोजी वो या प्रांतातल्या मेझिएर गावचा. हा फ्रेंच भाषा बोलणारा, द्राक्षमळ्यांचा आणि गुराढोरांचा भाग. त्याच वर्षी देशाची नवी राज्यघटना आली आणि लष्कराचे कायदे व प्रशिक्षण प्रांतांकडून काढून मुख्यतः केंद्राच्या हाती गेलं. वडील खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर. मुलानेही चांगलं शिकावं, मोठ्या हुद्द्यावर जावं, असं वाटण्याजोगं घर. पण मुलाचं मन शेतीकडे ओढलं. फ्रान्स आणि जर्मनीत जाऊन त्याने शेतकीचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन वो प्रांतातच स्वतःची शेती सुरू केली. लग्न झालं, दोन मुलं झाली. पुढे लोझान शहराजवळ प्युयी इथे सरोवराकाठच्या घरात तो राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

सैन्यात तो इतर तरुणांसारखाच गेला. १८९४ साली तोफखान्यात लेफ्टनंट झाला. त्यानंतर अनेक वर्षं त्याची राहणी एका पायावर शेती आणि दुसऱ्या पायावर लष्कर अशीच होती. नेमलेल्या दिवसांपुरता गणवेश, बाकी दिवस घरचं काम. पूर्ण वेळ सैन्याचं काम त्याच्याकडे आलं ते पन्नाशी उलटल्यावर. १९३२ साली तो कोअर कमांडर झाला. म्हणजे आपल्या हाताखालच्या शिपायाचं घर कसं चालतं, हे या अधिकाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. हजेरीचं पत्र आलं की घरात काय बोलणं होतं, गाय विणार असते त्याच आठवड्यात बोलावणं आलं तर बायको काय म्हणते, हे त्याच्या ओळखीचं जग होतं.

पहिल्या युद्धात काय चुकलं

गिझां यांचं मोठेपण कळायचं तर आधी १९१४ ते १९१८ या काळात काय झालं ते बघावं लागेल. पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिला, पण सीमा राखायला सैन्य उभं करावंच लागलं. जनरल होते उलरिख विले. शिपाई वर्षानुवर्षं आळीपाळीने सीमेवर जात राहिले. त्यांना रोजचा किरकोळ भत्ता मिळायचा. घरी मात्र काही नाही. कामगाराचा पगार बंद, लहान दुकानदाराचं दुकान बंद, शेतकऱ्याच्या रानात बायको आणि म्हातारे आईबाप. महागाई दुपटीच्या पलीकडे गेली. हजारो कुटुंबांना मदतीच्या अन्नावर दिवस काढावे लागले.

याचा स्फोट नोव्हेंबर १९१८ मध्ये झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि सरकारने त्यांच्यासमोर सैन्य उभं केलं. त्या सैन्यात खेड्यातली पोरं मोठ्या संख्येने होती. त्याच वेळी इन्फ्लुएंझाची साथ छावण्यांत शिरली आणि कितीतरी शिपाई गोळी न लागता मेले. शहर आणि खेडं, कामगार आणि शेतकरी यांच्यातली ही तेढ पुढे पंधरा-वीस वर्षं टिकली. लष्कराकडे एक मोठा वर्ग संशयाने बघू लागला. अशा वातावरणात भरती फक्त कागदावर पूर्ण होते. माणूस हजर असतो, पण मनाने नसतो.

हिटलर सत्तेवर आल्यावर वारं बदललं. १९३५ साली प्रशिक्षणाचा काळ वाढवायचा कायदा थेट लोकांच्या मताला टाकला गेला. आपल्याच पोरांना जास्त दिवस घराबाहेर ठेवायचं की नाही, असा हा सवाल. लोकांनी होकार दिला, पण निम्म्याहून थोड्याच जास्त मतांनी. त्यानंतर सेवेचं वयही वाढवून साठीपर्यंत नेलं. माणसं कमी म्हणून म्हाताऱ्यांनाही यादीत घेतलं, असं सरळ म्हणा ना.

एका दिवसात देश रिकामा

३० ऑगस्ट १९३९ रोजी संसदेने गिझां यांना जनरल निवडलं. २२७ पैकी २०४ मतं त्यांना पडली. वय ६४, पासष्टी तोंडावर. दोनच दिवसांनी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि २ सप्टेंबरपासून सर्वसाधारण जमवाजमव सुरू झाली. गावोगाव भित्तिपत्रकं लागली. सुमारे ४ लाख ३० हजार लढाऊ शिपाई आणि त्याशिवाय सुमारे २ लाख साहाय्यक सेवेतले लोक बोलावले गेले. ४२ लाखांच्या देशात हा आकडा किती मोठा आहे ते बघा. दर सात माणसांत एक. म्हातारे, पोरं आणि बायका वजा केल्या तर कामाचा पुरुष मागे राहिला किती?

महिना सप्टेंबर. बटाटे काढायचे होते, द्राक्षं तोडायची होती, पुढच्या गव्हाची पेरणी करायची होती. माणसांबरोबर घोडेही गेले, कारण या सैन्याच्या तोफा आणि गाड्या बहुतांशी घोडे ओढत. ट्रॅक्टर थोडे होते, नांगराला घोडा लागायचा. म्हणजे नांगर धरणाराही सीमेवर आणि नांगर ओढणाराही सीमेवर.

या सैन्याला नुसती माणसंच कमी नव्हती. हलके रणगाडे सगळे मिळून २४. विमानं आणि विमानविरोधी तोफा अपुऱ्या. पण रणगाडा पैसे देऊन, उशिरा का होईना, विकत मिळतो. माणूस विकत मिळत नाही. आहे त्याच माणसात भागवावं लागतं. गिझां यांनी सहा वर्षं जे केलं ते मुख्यतः हे भागवणं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सरकारने मिळून चार-पाच वाटा धरल्या. त्या एकेक करून बघू.

पहिली वाट : घरची चूल

ही वाट सरकारने काढली, गिझां यांनी नव्हे, हे आधी सांगितलं पाहिजे. पण तिच्यावाचून त्यांचं सैन्य टिकलं नसतं. डिसेंबर १९३९ मध्ये सरकारने हुकूम काढला आणि १ फेब्रुवारी १९४० पासून तो अमलात आला. कामावर असलेल्या प्रत्येकाच्या पगारातून दोन टक्के कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे आणि सरकारनेही आपला वाटा टाकायचा. या निधीतून सीमेवर गेलेल्याच्या घरी बुडालेल्या मजुरीचा काही भाग पोचवायचा. त्याच वर्षी पुढे स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठीही अशीच तजवीज झाली.

रक्कम फार मोठी नव्हती. पण १९१८ साली जो शिपाई घरच्या उपासमारीच्या चिंतेने कुढत पहारा देत होता, त्याच्या मुलाला निदान एवढं ठाऊक होतं की घरी काहीतरी पोचतंय. मागे राहिलेला कामगारही दर आठवड्याला आपल्या खिशातून सीमेवरच्या माणसाला हातभार लावत होता. शहर आणि खेडं यांच्यातली जुनी तेढ मिटायला हा पैसा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

दुसरी वाट : माणूस परत पाठवणं

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर चाल केली. स्वित्झर्लंडने ११ मे रोजी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. आता चारही बाजूंना जर्मनी, इटली आणि त्यांच्या ताब्यातला किंवा धाकातला मुलूख. लोकांची छाती दडपली. राष्ट्राध्यक्ष पिले-गोला यांनी २५ जून रोजी रेडिओवर भाषण केलं, पण त्यातून लढायचं की जुळवून घ्यायचं तेच लोकांना कळेना. त्यातच सरकारने सैन्य कमी करायचं ठरवलं. जुलैमध्ये सुमारे दोन तृतीयांश माणसं घरी पाठवली गेली.

वाचकहो, इथे नीट लक्ष द्या. वरवर बघता ही माघार होती. शत्रू दारात उभा आणि आपण माणसं घरी पाठवतो! पण सगळी माणसं महिनोन्महिने सीमेवर ठेवली असती तर हिवाळ्यात देश उपाशी मेला असता आणि कारखाने बंद पडले असते. गिझां यांनी या कमी झालेल्या आकड्यालाच धरून नवी योजना आखली. सबंध सीमा राखायला माणसं पुरत नाहीत ना? मग मुख्य सैन्य आल्प्सच्या डोंगरात न्यायचं. तिथले घाट, बोगदे, खिंडी थोड्या माणसांनी अडवता येतात. जर्मनी आणि इटलीला जोडणारे गोथार्ड आणि सिंप्लॉन हे रेल्वेचे बोगदे सुरुंग पेरून ठेवायचे. हल्ला झाला तर ते उडवायचे, म्हणजे देश जिंकूनही शत्रूच्या हाती उपयोगाचं काही लागणार नाही. या डोंगरी गडाला फ्रेंचमध्ये रेदुई म्हणतात.

आपल्याकडे डोंगरी किल्ल्यांचं महत्त्व नव्याने सांगायला नको. पण या योजनेची किंमत काय होती तेही बघा. लोकवस्ती, शहरं आणि चांगली काळी जमीन डोंगरात नव्हती, पायथ्याच्या सपाटीवर होती. म्हणजे शिपायाने डोंगरात बसायचं आणि हल्ला झाला तर स्वतःचं गाव, बायकापोरं, गोठा शत्रूच्या वाटेवर सोडायचं. हे शिपायाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं.

तिसरी वाट : कशासाठी, ते सांगणं

म्हणून २५ जुलै १९४० रोजी गिझां यांनी एक विलक्षण गोष्ट केली. बटालियनच्या वरचे शेकडो अधिकारी त्यांनी ल्युसर्नला बोलावले, एका आगबोटीत बसवले आणि सरोवरापलीकडच्या रुटली नावाच्या कुरणावर नेले. परंपरा अशी की १२९१ साली तीन खोऱ्यांतल्या लोकांनी तिथेच एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली. सैन्याचे सगळे मोठे अधिकारी एकाच बोटीत, हा केवढा धोका! पण जनरलने तो पत्करला. अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी थोड्या शब्दांत सांगितलं की प्रतिकार करायचा आहे, तो डोंगरातून करायचा आहे, आणि हार मानण्याची भाषा कुणी करायची नाही. अधिकाऱ्यांनी हे परत जाऊन शिपायांना सांगितलं, शिपायांनी रजेवर घरी आल्यावर गावात सांगितलं.

याच्याही आधी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, त्यांनी लष्कर आणि घर या नावाचा एक विभाग काढला होता. आधी शिपायांसाठी आणि १९४१ पासून गावकऱ्यांसाठीही त्याची व्याख्यानं होत. युद्ध कुठवर आलं, रेशन का कमी झालं, नांगरट का वाढवायची, हे तिथे सांगितलं जाई. गिझां स्वतः छावण्यांत फिरत, शिपायांशी बोलत, वाटेत शेतकऱ्यापाशी थांबत. त्यांचा फोटो घरोघरी आणि खाणावळींत लागला. सक्तीने माणूस हजर करता येतो, पण त्याला टिकवायचं तर कारण सांगावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौथी वाट : जे यादीत नाहीत ते

यादीतली माणसं संपली तेव्हा यादीबाहेरची माणसं पुढे आली. मे १९४० मध्ये गावरक्षक दलं निघाली. वय उलटलेले, अजून वयात न आलेले, पण नेमबाजीच्या मंडळात जाऊन रायफल चालवायला शिकलेले. काही महिन्यांत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पूल, वीजकेंद्र, रेल्वेमार्ग राखायचं काम त्यांनी उचललं आणि तेवढे शिपाई मोकळे झाले.

बायकांचं तर वेगळंच. १९४० मध्ये स्त्रियांची साहाय्यक सेवा उभी राहिली आणि हजारो बायका स्वेच्छेने नाव देऊन आल्या. टेलिफोन, कचेरी, जखमींची शुश्रूषा, स्वयंपाक, आकाशातल्या विमानांवर नजर ठेवणं, ही कामं त्यांनी घेतली. रानातलं आणि गोठ्यातलं काम घरच्या बायका करत होत्या ते निराळंच. आणि याच बायकांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९७१ साली! माणसं कमी पडतात तेव्हा देश बाईच्या दाराशी जातो, आणि संकट सरल्यावर तिला विसरतो. ही त्या देशाच्या इतिहासातली ठळक उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही.

पाचवी वाट : नांगर

शेतीची आघाडी फ्रीडरिख वालेन या शेतीतज्ज्ञाने सांभाळली. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांनी आपली योजना मांडली. कुरणं नांगरायची, बागा आणि मैदानं नांगरायची, बटाटा, धान्य आणि भाजीपाला वाढवायचा. झुरिच शहराच्या मधल्या मैदानातसुद्धा बटाटे लागले. लागवडीखालचं क्षेत्र सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टरवरून युद्धाच्या शेवटी सुमारे साडेतीन लाख हेक्टरवर गेलं. देश पूर्ण स्वावलंबी झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या अन्नाचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांपर्यंत गेलं, एवढंच. पण रेशनच्या दिवसांत त्या सात टक्क्यांची किंमत भुकेल्यालाच कळते.

एवढी नांगरट केली कुणी? शहरातले तरुण आणि विद्यार्थी कायद्याने शेतकामाला लावले गेले. फ्रान्स पडताना सुमारे १२ हजार पोलिश सैनिक सीमा ओलांडून आश्रयाला आले होते, त्यांनी रस्ते बांधले, पाणथळ जमिनी सुधारल्या, शेतांत राबले. सैनिकांना शेतकामासाठी रजा दिल्या जात आणि तुकड्या आळीपाळीने बदलत. लढाऊ शिपायाचे सहा वर्षांत सरासरी सुमारे ८०० दिवस सेवेत गेले, पण ते सलग नव्हते. पेरणी, काढणी आणि पहारा यांची सांगड घालत ते गेले.

हे सगळं गोडीगुलाबीत झालं असं मात्र समजू नका. शेती आणि कारखाने म्हणत माणूस सोडा, लष्कर म्हणे माणूस द्या. गिझां शेतकरी असले तरी सेनापती होते. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरलं तेव्हा त्यांनी मोठी जमवाजमव मागितली. सरकारने ती दिली नाही. सेनापतीने मागावं आणि सरकारने हिशेब करून नाही म्हणावं, आणि सेनापतीने ते मानावं, हीसुद्धा त्या व्यवस्थेची ताकद म्हणायची.

माणूस म्हणून

गिझां देव नव्हते. युद्धाआधी ते मुसोलिनीच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांत होते. तटस्थ देशाचे सेनापती असून त्यांनी फ्रान्सच्या सैन्याशी गुपचूप बोलणी केली आणि त्याची कागदपत्रं १९४० मध्ये जर्मनांच्या हाती लागली. मार्च १९४३ मध्ये बिग्लेन या गावी हिटलरच्या गुप्तहेर खात्यातल्या शेलेनबर्गला ते सरकारला न विचारता भेटले. पुढे नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २००२ मध्ये अहवाल पुरा केला. त्या काळात देशाने जर्मनीशी केलेला व्यापार आणि सीमेवरून परत लोटलेले ज्यू निर्वासित यांचा हिशेबही त्यात उघड मांडला गेला. तेव्हा एकट्या लष्कराने देश वाचवला, असं म्हणणं खरं नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. कमी माणसांत सैन्य सहा वर्षं कसं टिकलं? त्याचं उत्तर मात्र या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कारभारात सापडतं. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि प्युयीच्या घरी परतले. पुढच्या वर्षी संसदेला दिलेल्या अहवालात १९३९ साली तयारी किती अपुरी होती, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यावरून बरेच मोठे लोक दुखावले. ७ एप्रिल १९६० रोजी ते वारले. लोझानला त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत जुन्या शिपायांची संख्या मोठी होती.

आज तिथे काय

युद्धानंतर शीतयुद्धाच्या काळात या छोट्या देशाचं सैन्य कागदावर सहा लाखांच्या वर गेलं होतं. मग भीती ओसरली. १९८९ साली सैन्यच बरखास्त करा, या मागणीवर मतदान झालं आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. १९९६ पासून बंदूक न घेता रुग्णालयात, शेतीत, जंगलात नागरी सेवा करण्याची सोय झाली. २००९ मध्ये त्यासाठीची मनोभूमिकेची चाचणी काढून टाकल्यावर तिकडे जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. सैन्याची ठरलेली संख्या कमी होत होत आता एक लाखावर आली आहे, आणि येत्या वर्षांत तीसुद्धा भरून निघेल की नाही याची चिंता तिथले अधिकारी करत आहेत. २०१३ मध्ये सक्तीची सेवा काढून टाकायला लोकांनी जवळजवळ तीन चतुर्थांश मतांनी नकार दिला. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी स्त्री-पुरुष सगळ्यांना देशसेवा सक्तीची करावी या प्रस्तावावर मतदान झालं, तोही सुमारे ८४ टक्के लोकांनी फेटाळला. म्हणजे सक्ती काढायचीही नाही आणि वाढवायचीही नाही. माणसं आणायची कुठून, हा प्रश्न गिझां यांच्या वेळी होता तसाच आजही त्या देशापुढे उभा आहे.

सीमेवरच्या माणसाच्या घरी मजुरी पोचवण्यासाठी जी दोन-दोन टक्क्यांची कपात १९४० साली सुरू झाली, तिचीच घडी युद्ध संपल्यावर म्हातारपणाच्या पेन्शनसाठी वापरली गेली. जुलै १९४७ मध्ये लोकांनी तिला भरघोस मतं दिली आणि १ जानेवारी १९४८ पासून ती सुरू झाली. आजही तिथला म्हातारा शेतकरी दर महिन्याला ती घेतो. पहाऱ्यावरच्या शिपायाची चूल पेटती राहावी म्हणून घातलेली ती सोय होती. सैन्याच्या टंचाईतून देशाच्या हाती एवढी मोठी गोष्ट उरली, हे गावाच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्यांनी आणि पोराला भरतीला धाडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं असं आहे.